पृष्ठभाग आणि मुदत

मोडलेले हाड सांधण्यासाठी शरीरात बसविलेली वस्तू तेथे जन्मभर राहावी, की आपले काम संपताच तिने विरून जावे, हा प्रश्न वरकरणी शल्यविशारदांच्या अखत्यारीतला वाटतो. परंतु ‘विरून जावे’ हे उत्तर एकदा मनाशी धरले की तो रसायनशास्त्राच्या दप्तरी दाखल होतो, आणि त्या विरणाऱ्या वस्तूवरच हाडाच्या जिवंत पेशीने ठाण मांडावे, तेथेच तिने वाढावे, आणि वस्तू नाहीशी झाल्यावरही आपल्या जागी निर्धास्त राहावे, एवढी अपेक्षा धरली म्हणजे तो उभय शास्त्रांच्या सरहद्दीवर जाऊन उभा राहतो, जेथे दोन्हीकडचे जाणकार एकमेकांच्या पुराव्याकडे काहीशा संशयाने पाहत असतात. हा संशय मला गैर वाटत नाही. जैवविघटनशील बहुवारिकांविषयी, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्यांना विरघळणारे पॉलिमर म्हणतो त्यांच्याविषयी, आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात अशा संशयाची उणीवच फार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या परिचयाचे दोन गृहस्थ ह्या विषयावर कित्येक वर्षे वाद घालीत आले आहेत. एक सांगलीचे अस्थिशल्यविशारद. शेजारच्या मिरजेत वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले आणि त्यामुळे ह्या परिसरात शस्त्रक्रियेची जी परंपरा रुजली, तिचा त्यांना सार्थ अभिमान आहे. दुसरे साताऱ्यास बहुवारिकांचे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. दोघांनाही सोयीचे म्हणून कऱ्हाड गाठले जाते, आणि तेथील एका वाड्याच्या सोप्यात झालेले त्यांचे संभाषण, मला जितके नेमके टिपता आले तितके, पुढे देत आहे. त्यांची ओळख गावांवरून पटली तरी पुरे.

सांगलीकर : सर, तुमच्या क्षेत्रातले प्रबंध मी आस्थेने वाचतो, आणि वाचून झाल्यावर दर वेळी माझी एकच तक्रार उरते. पॉलिलॅक्टिक आम्लाची किंवा पॉलिकॅप्रोलॅक्टोनची एक पातळ चकती करायची, तिच्यावर हाडाच्या पेशी सोडायच्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी रंगद्रव्याची चाचणी घेऊन जिवंत पेशी किती ते मोजायचे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक सुरेख छायाचित्र घ्यायचे, आणि अखेरीस हा पदार्थ अस्थिरोपणास योग्य दिसतो असा दाखला देऊन मोकळे व्हायचे. पेशी तरी कोणत्या? पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडून मागविलेल्या एमजी-६३, ज्यांचा उगम १४ वर्षांच्या एका मुलाच्या अस्थिकर्करोगात आहे. कर्करोगाच्या पेशीचा धर्मच मुळी वाढण्याचा; ती वाढली एवढ्यावरून तिच्या खालच्या भूमीची गुणवत्ता कशी सिद्ध होते?

सातारकर : पेशीबद्दलची तुमची हरकत मी कबूल करतो. म्हणूनच जे काळजीने काम करतात ते उंदराच्या कवटीतून किंवा मज्जेतून काढलेल्या ताज्या पेशींवर तोच प्रयोग पुन्हा करतात, आणि पेशी किती झाल्या एवढ्यावर न थांबता त्या अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर तयार करतात का, ऑस्टिओकॅल्सिन स्रवतात का, आणि तीन-चार आठवड्यांनी त्यांच्याभोवती कॅल्शियमचे क्षार साचू लागतात का, ह्याची खातरजमा करून घेतात. पण तुमच्या तक्रारीच्या मुळाशी एक समज आहे, तो मला मान्य नाही. पृष्ठभाग ही केवळ बसायची जागा आहे, पेशी सशक्त असली की ती कोठेही बसेल, असे तुम्ही गृहीत धरता. पॉलिलॅक्टिक आम्लाच्या गुळगुळीत पापुद्र्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि बाजूने भिंगातून पाहा. थेंब पसरत नाही, फुगीर राहतो, आणि त्याच्या कडेचा स्पर्शकोन ७५ ते ८० अंशांच्या आसपास भरतो. तोच पापुद्रा कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ बुडवून धुऊन घ्या, किंवा ऑक्सिजनच्या प्लाझ्मात क्षणभर धरा; वरच्या थरातील साखळ्या तुटतात, तेथे हायड्रॉक्सिल आणि कार्बॉक्सिल गट उघडे पडतात, आणि पुढचा थेंब चपटा होऊन पसरतो. पापुद्र्याचा रंग तोच, वजन तेच, ताकदही बहुतांशी तीच. बदल झाला तो काही अणूंच्या जाडीचा. आणि एवढ्या बदलाने पेशीचे वागणे बदलते.

सांगलीकर : का बदलते? पेशी काही स्पर्शकोन मोजत नाही.

सातारकर : पेशीला तुमचे बहुवारिक उघड्या अंगाने कधी भेटतच नाही. ती तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही सेकंदांतच, रक्तद्रवातील प्रथिनांनी तो पृष्ठभाग व्यापलेला असतो. आधी अल्ब्युमिनसारखी विपुल आणि चपळ प्रथिने येतात, मग त्यांना हटवून फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन अशी मोठी आणि अधिक चिवट प्रथिने जागा घेतात. ह्या अदलाबदलीला व्रोमन यांचे नाव मिळालेले आहे. फायब्रोनेक्टिनच्या लांबलचक रेणूत आर्जिनीन, ग्लायसीन आणि ॲस्पार्टिक आम्ल ह्या तीन घटकांचा एक छोटासा तुकडा आहे, आणि पेशी नेमक्या त्याच तुकड्याला धरतात, हे पियर्शबाखर आणि रुओस्लाह्टी यांनी १९८४ साली दाखविले; तो तुकडा ओळखतात ती पेशीच्या आवरणातील इंटेग्रिन नावाची ग्राहक प्रथिने. आता पृष्ठभाग फार जलविरोधी असेल तर प्रथिन त्यावर आदळून विस्कटते आणि हा तुकडा दबून जातो. पृष्ठभाग फार जलस्नेही असेल तर तेथे पाण्याचाच थर इतका घट्ट धरलेला असतो की प्रथिन नीट बसत नाही. मधल्या ओलाव्याच्या पृष्ठभागावर, साधारण ६० ते ७० अंशांच्या स्पर्शकोनाशी, पकड चांगली मिळते असे पुष्कळ प्रयोगांत दिसून आले आहे. पेशी जे वाचते ते प्रथिनांचे लिखाण. पण तो कागद आम्ही तयार केलेला असतो.

येथे प्राध्यापकांनी पेशी बसते कशी त्याचे वर्णन केले, ते मी संक्षेपाने सांगतो, कारण ज्याने ते एकदा भिंगाखाली पाहिले आहे त्याला ह्या वादातील निम्मे शब्द अनावश्यक वाटतील. द्रवातून खाली उतरलेली हाडाची पेशी आरंभी गोल असते आणि हलक्या धक्क्यानेही सुटून जाते. अर्ध्या-पाऊण तासात तिच्या कडेने अतिशय पातळ, पारदर्शक पदर बाहेर पडू लागतात. ते पुढे सरकतात, मागे घेतले जातात, पुन्हा दुसऱ्या दिशेने सरकतात, आणि जेथे पकड बसते तेथे पदराच्या तळाशी व्हिन्क्युलिनसारख्या प्रथिनांचे लांबट ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांना आतून ॲक्टिनचे तंतू येऊन जोडले जातात आणि पेशी स्वतःलाच ताणून घेते, इतकी की तिचा गोलपणा पार नाहीसा होऊन ती सपाट, कोनाकोनांची होते. हा ताण पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो. प्राध्यापकांचा सगळा पक्ष ह्या शेवटच्या वाक्यावर उभा आहे.

सांगलीकर : वर्णन सुंदर आहे, पण तुमच्याच लोकांचा एक दाखला तुमच्या विरुद्ध जातो. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात मिकोस यांच्याकडे इशाउग आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली उंदराच्या कवटीतील अस्थिजनक पेशी पॉलिलॅक्टिक आम्लावर, पॉलिग्लायकॉलिक आम्लावर, आणि ह्या दोहोंच्या वेगवेगळ्या प्रमाणांतील मिश्र बहुवारिकांवर सोडल्या, आणि आठ तासांनी पाहिले तेव्हा सर्व ठिकाणी त्या सारख्याच चिकटलेल्या आढळल्या. पृष्ठभागाचा महिमा जर इतका थोर, तर हा समभाव कोठून आला?

सातारकर : चिकटणे आणि पुढे काय व्हायचे ते ठरविणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या प्रयोगातील सर्व बहुवारिके एकाच कुळातील होती आणि पेशीच्या वाट्याला त्यांच्यावरचे प्रथिनांचे आवरण आले होते. तेव्हा पहिल्या आठ तासांत फरक न दिसणे स्वाभाविक आहे. फरक पाहायचा तर पेशीला पसरायला जागा किती मिळाली ते पाहा. जॉन्स हॉपकिन्समध्ये चेन यांच्या प्रयोगशाळेत २००४ साली फायब्रोनेक्टिनची सूक्ष्म बेटे छापून त्यांवर मानवी मज्जेतील मूलपेशी ठेवल्या. सुमारे १ हजार चौरस मायक्रॉनच्या बेटावर पेशी गोल राहिली आणि चरबीच्या मार्गाने गेली. १० हजार चौरस मायक्रॉनच्या बेटावर ती पसरली आणि हाडाच्या मार्गाने गेली. भोवतालचे पोषणद्रव्य दोघींना एकच होते. पुढे २००७ साली ग्लासगोच्या डॅल्बी यांनी एका प्लॅस्टिकवर १२० नॅनोमीटर रुंद आणि १०० नॅनोमीटर खोल असे खळगे कोरले. खळगे काटेकोर ओळीत असताना मूलपेशी हाडाकडे वळत नव्हत्या. तेच खळगे आपापल्या जागेवरून किंचित ढळविले, तेव्हा कोणतेही अस्थिजनक औषध न घालता त्या हाडाचा खनिज अंश तयार करू लागल्या. आता सांगा, पृष्ठभाग ही केवळ बैठक आहे का?

ह्या प्रश्नावर डॉक्टर बराच वेळ बोलले नाहीत. माझ्या मते वादाचा हा भाग प्राध्यापकांनी जिंकला, आणि तो निर्विवाद जिंकला. पृष्ठभागाचा सूक्ष्म आकार पेशीचे भवितव्य ठरवू शकतो ही गोष्ट आता शंकेच्या पलीकडे गेलेली आहे, आणि जे शल्यविशारद तिला प्रयोगशाळेतली करमणूक समजतात ते स्वतःचेच नुकसान करून घेतात. परंतु डॉक्टरांच्या हाती दुसरे शस्त्र होते.

सांगलीकर : तुमच्या बशीत पेशी एकटी असते. माझ्या जखमेत तिच्या आधी इतर किती जण येतात! रक्ताची गुठळी, मग पांढऱ्या पेशी, मग परकी वस्तू दिसली की तिला वेढून बसणाऱ्या महाभक्षी पेशी, आणि दुर्दैवाने जंतू. ग्रिस्टिना यांनी १९८७ साली लिहून ठेवले आहे की रोपण केलेल्या प्रत्येक वस्तूच्या पृष्ठभागासाठी ऊतींच्या पेशी आणि जंतू यांच्यात शर्यत लागते, आणि जो आधी पोहोचतो त्याच्या हाती तो पृष्ठभाग जातो. तुम्ही हाडाच्या पेशीला आवडेल असा पृष्ठभाग केला, तो जंतूलाही आवडला तर? शिवाय तुमच्या सच्छिद्र सांगाड्याच्या पोटात काय होते? तुमच्या त्याच ह्यूस्टनच्या मंडळींनी १९९७ साली फेसासारख्या सच्छिद्र बहुवारिकात पेशी वाढवून पाहिल्या, तेव्हा खनिजयुक्त ऊती पृष्ठभागापासून आत जास्तीत जास्त २४० मायक्रॉनच्या आसपास पोहोचल्या. म्हणजे पाव मिलिमीटर! त्याच्या आत प्राणवायू नाही, पोषण नाही, रक्तवाहिनी नाही. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सापडून नडगीचे दोन-तीन इंच हाड गमावलेला माणूस माझ्यापुढे येतो, तेव्हा पाव मिलिमीटरने माझे काय भागणार?

सातारकर : त्या माणसाला आज मी काहीच देऊ शकत नाही, हे मी मान्य करतो. भार वाहणाऱ्या हाडासाठी पोलाद आणि टायटॅनियम राहतीलच; पोलाद हाडाच्या दसपट ताठर, तर आमचे पॉलिलॅक्टिक आम्ल हाडाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकेच, हे गणित तुमच्याइतकेच मलाही ठाऊक आहे. पण तुमच्याकडे येणारे सगळेच रुग्ण तसे नसतात. घोट्याचा लहान तुकडा, गालफडाचे हाड, मुलांच्या कोपराजवळचे हाड, गुडघ्यातील स्नायुबंध पुन्हा बसविण्याचा स्क्रू, अशा ठिकाणी पोलाद घातले तर पुष्कळदा ते काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. जतेकडच्या एखाद्या शेतमजुराला त्यासाठी पुन्हा सांगलीत यावे लागते, पुन्हा भूल, पुन्हा दहा-पंधरा दिवसांचा रोजगार बुडतो. हे गाऱ्हाणे मी तुमच्याच तोंडून ऐकलेले आहे.

सांगलीकर : ऐकलेले आहे, आणि ते खरेच आहे. काही जण पट्टी काढायला येतच नाहीत. दुखत असले तरी तसेच वागवतात.

सातारकर : म्हणूनच तर ही बहुवारिके शस्त्रक्रियेत आणली गेली. १९६६ साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी वैद्यकीय केंद्रातून कुलकर्णी, पाणी, न्यूमन आणि लेनर्ड यांनी पॉलिलॅक्टिक आम्लाचा शल्यरोपणासाठी उपयोग सुचविणारा निबंध प्रसिद्ध केला; ते ऊतींना विषारी नाही आणि हळूहळू विरते, हे त्यांनी प्राण्यांवर दाखविले. चारच वर्षांनी, १९७० साली, पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा विरघळणारा टाका बाजारात आला, आणि आज टाके विरघळतात ह्याचे कोणत्याही खेड्यातल्या माणसाला नवल वाटत नाही. ह्या पदार्थाचे मूळ तर आपल्या घरचे आहे. शीले यांनी १७८० साली आंबलेल्या दुधातून जे लॅक्टिक आम्ल वेगळे काढले, तेच आज साखर आंबवून टनावारी काढले जाते. थायलंडात रायोंगला उसाच्या साखरेपासून वर्षाला ७५ हजार टन पॉलिलॅक्टिक आम्ल करण्याचा कारखाना आहे, आणि आपल्या पुणे-मिरज लोहमार्गावरच्या जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली जैवबहुवारिकांचे प्रात्यक्षिक केंद्र उघडले. साखराळे, रेठरे, सांगली अशा कारखान्यांच्या ह्या पट्ट्यात ऊस पिकतो तो केवळ पोत्यांत भरण्यासाठीच, असे समजण्याचे कारण नाही.

सांगलीकर : कारखान्याच्या मालापासून शरीरात घालण्याजोग्या मालापर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे, सर, न जुळलेला कच्चा घटक किती उरला, कथिलाचा उत्प्रेरक किती राहिला, रेणुभार किती, ह्याची प्रत्येक घाण्याला तपासणी लागते. पण तो मुद्दा तूर्त बाजूला ठेवू. मला हेलसिंकीबद्दल बोलायचे आहे. रोक्कानेन यांनी तेथे १९८४ पासून घोट्याच्या अस्थिभंगांत ह्या विरघळणाऱ्या खुंट्या वापरायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी, विशेषतः बॉस्टमन यांनी, जो हिशेब प्रामाणिकपणे मांडला त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. २५२८ रुग्णांपैकी १०८ जणांना, म्हणजे शेकडा ४.३ जणांना, लक्षात येण्याजोगा निर्जंतुक दाह झाला. त्यांतले १०७ पॉलिग्लायकॉलिक आम्लाचे. कसा दाह म्हणता? हाड सांधून गेलेले, जखम भरून आलेली, माणूस चालू लागलेला; आणि साधारण अकराव्या आठवड्यात घोट्यावर लाल, दुखरी सूज येते, ती फुटते, आणि त्या छिद्रातून विरघळत चाललेल्या बहुवारिकाचा पातळ, पिवळसर द्रव पाझरत राहतो. संवर्धन करून पाहावे तर जंतू एकही नाही. रुग्णाला हे काय म्हणून समजावून सांगावे? पॉलिलॅक्टिक आम्लात असे क्वचित होते, तर तेथे निराळी कथा: गालफडाच्या अस्थिभंगांत ज्यांना त्याच्या पट्ट्या बसविल्या, त्यांच्यापैकी काहींना तीन-तीन वर्षांनी पट्टीच्या जागी सूज आली, आणि पाच वर्षे उलटल्यावरही तिचे सूक्ष्म स्फटिक ऊतींत सापडले. अशा रुग्णाच्या पहिल्या आठ तासांत पेशी किती सुरेख पसरली होती, ह्याला काय अर्थ?

सातारकर : दोन्ही उदाहरणांत दोष वेगाचा आहे. पॉलिग्लायकॉलिक आम्ल इतक्या लवकर विरते की निर्माण होणारे आम्ल आणि कण ऊतींना वेळेत वाहून नेता येत नाहीत. शुद्ध डावखुऱ्या घडणीचे पॉलिलॅक्टिक आम्ल इतके स्फटिकमय की त्याला वर्षे लागतात. आणि माँपेल्येचे व्हेर यांनी दाखविले की जाड वस्तू बाहेरून आत झिजत जाते हा समजही नेहमी खरा नसतो: आत तयार झालेले आम्ल आतच कोंडून राहते, ते उरलेल्या साखळ्या आणखी वेगाने तोडते, आणि बाहेरचे कवच शाबूत असतानाच गाभा पोकळ होऊन जातो. ह्याला उपाय आहेत. दोन्ही घटकांचे प्रमाण बदलून मुदत आठवड्यांपासून वर्षांपर्यंत हवी तशी ठरविता येते, आणि कॅल्शियम फॉस्फेट मिसळले तर ते आम्ल शोषते. पुन्हा हाडाच्या पेशीला ते ओळखीचे असते.

सांगलीकर : मी शेतकऱ्याच्या घरचा आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. उसाचे दोन डोळ्यांचे टिपरे जमिनीत पुरले की डोळा फुगतो, कोंब वर येतो, आणि पहिले काही आठवडे तो कोंब टिपऱ्यातल्या साखरेवर आणि टिपऱ्याला फुटलेल्या बारीक मुळ्यांवर जगतो. पुढे कोंबाच्या बुडातून त्याची स्वतःची जाड मुळे फुटतात, आणि मग टिपरे खाली कुजून गेले तरी काही बिघडत नाही. पण कोंबाची मुळे फुटायच्या आत टिपरे कुजले तर कोंब पिवळा पडून मरतो. म्हणून तर आपण बेणेप्रक्रिया करतो. तुमचे सगळे प्रबंध उगवणीचे आहेत. उगवण शेकडा ९० झाली, ९५ झाली, असे तुम्ही मोजता. टिपरे कुजले तेव्हा कोंबाला स्वतःची मुळे होती का, हे कोणी मोजत नाही, आणि मला तेवढेच विचारायचे असते.

हे ऐकून प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो प्रतिपक्षाचे म्हणणे पटल्याचा होता, आणि विद्वानांच्या वादात असा आनंद मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. मलाही वाटते की ह्या विषयाचा गाभा डॉक्टरांनीच उघड केला. हाडाची पेशी पृष्ठभागाला धरते ती तेथे कायम राहण्यासाठी नव्हे. आपल्याभोवती कोलॅजेनचे जाळे विणून, त्यात क्षार भरून, स्वतःची भूमी तयार होईपर्यंत तिला परक्या भूमीची गरज असते. तेव्हा बहुवारिकाच्या पृष्ठभागाची परीक्षा एका दिवसाची असूच शकत नाही.

सातारकर : तुमची मुळे म्हणजे पेशीचे स्वतःचे कोलॅजेन. मोजले पाहिजे ते हेच, मान्य. पण डॉक्टर, एक गोष्ट तुमच्या हातून सुटते आहे. कोलॅजेन विणण्याचे काम पेशी ताणलेली, पसरलेली असतानाच नीट करते. जी पेशी पहिल्या दिवशी गोल राहिली ती विसाव्या दिवशी जाळे विणणार नाही. म्हणजे शेवटच्या परीक्षेचा निकाल पुष्कळ अंशी पहिल्या दिवशीच्या पकडीवर अवलंबून असतो. आणि दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची. आपण दोघेही पृष्ठभाग आणि मुदत अशा दोन बाबी वेगळ्या धरून बोलत आलो, परंतु विरणाऱ्या बहुवारिकात त्या वेगळ्या नसतात. पाणी साखळ्या तोडू लागले की दर आठवड्याला तेथे नवे कार्बॉक्सिल गट उघडे पडतात, थेंबाचा स्पर्शकोन उतरत जातो, गुळगुळीत पापुद्रा खडबडीत होतो, त्याचा ताठरपणा कमी होतो, आणि आम्ल सुटते ते वेगळेच. सहाव्या आठवड्यात पेशीच्या पायाखाली जो पृष्ठभाग असतो तो पहिल्या दिवसाचा नसतोच. तुम्ही जो दाह सांगितला त्यात ज्या पृष्ठभागाला ऊतींनी प्रतिसाद दिला, त्याची आम्ही कधी परीक्षाच घेतलेली नव्हती.

सांगलीकर : मग ती घ्या. ताज्या चकतीवर ताज्या पेशी सोडण्याचे पुष्कळ झाले. चकत्या आधी ३७ अंशांच्या क्षारद्रावणात जुन्या करा; काही सहा आठवडे, काही बारा, काही चोवीस. मग प्रत्येक वयाच्या चकतीवर पेशी सोडून पाहा, आणि कर्करोगाच्या नव्हे, मज्जेतल्या सोडा. आणि एक वेगळा गट असा ठेवा की ज्यात पेशी पहिल्या दिवसापासूनच चकतीवर आहेत आणि चकती त्यांच्या पायाखालीच विरते आहे. चकतीचे वजन निम्मे झाले त्या दिवशी पेशींनी विणलेले कोलॅजेन किती होते, तो आकडा मला द्या.

सातारकर : दर दोन-तीन दिवसांनी पोषणद्रव्य बदलले की सुटलेले आम्ल वाहून जाईल आणि बशीतला निकाल जखमेपेक्षा गोड येईल, ही अडचण मी आताच नोंदवून ठेवतो, आम्लता रोज मोजावी लागेल आणि द्रव्य कमी प्रमाणात ठेवावे लागेल. दुसरी अडचण निर्जंतुकीकरणाची. तुमच्या ऑटोक्लेव्हमध्ये ही चकती टिकणार नाही. सुमारे ६० अंशांनाच पॉलिलॅक्टिक आम्ल मऊ पडू लागते आणि वाफ साखळ्या तोडते. गॅमा किरण दिले तर साखळ्या त्यांनीही तुटतात, म्हणजे मुदत आधीच घटते. एथिलीन ऑक्साइड वायू वापरला तर त्याचा अंश आत राहू नये म्हणून चकत्या बराच काळ उघड्या हवेत ठेवाव्या लागतील. तेव्हा पहिला स्पर्शकोन निर्जंतुकीकरण झाल्यावरच मोजायचा. आधी मोजलेला कोन रुग्णाच्या शरीरात जाणाऱ्या पृष्ठभागाचा नव्हे.

सांगलीकर : तसाच मोजा, आणि कोणती रीत वापरली ते नोंदवहीत प्रत्येक घाण्यापुढे लिहा. आणि जाडी? पातळ पापुद्र्यातून आम्ल सहज बाहेर पडते. गाभा पोकळ होण्याची जी गोष्ट तुम्ही सांगितली ती तेथे दिसणारच नाही. पापुद्र्याबरोबर दोन मिलिमीटरच्या पट्ट्याही करा.

सातारकर : मग नमुन्यांची संख्या दुप्पट होईल, आणि कामही.

सांगलीकर : होऊ द्या. मी हाडावर बसवितो ती पट्टी असते. पापुद्र्यावरचा निकाल तिला लागू पडतो की नाही, हे कळल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही.